बीजिंगची नॅशनल लायब्ररी: आत जाता येतं का, आणि बघायचं नेमकं काय?

कागदवेडी

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात बीजिंगला जायचंय. नवऱ्याचं तिथे ऑफिसचं काम आहे, तो दिवसभर मीटिंगमध्ये, म्हणजे मी आणि लेक (पाचवीत आहे) दिवसा मोकळ्या. भिंत, राजवाडा वगैरे होईलच, त्याबद्दल विचारत नाहीये. मला जायचंय तिथल्या नॅशनल लायब्ररीत. जुने कागद, हस्तलिखितं, बांधणी, शाई हे माझं खूप जुनं वेड आहे आणि वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेतल्या जुन्या गुंडाळ्यांबद्दल वाचलं तेव्हापासून त्यातल्या कितीतरी याच लायब्ररीत आहेत हे डोक्यातून जातच नाहीये.

पण नेटवर वाचते तेवढा गोंधळ वाढतोय. कोणी म्हणतं नवीन काचेची बिल्डिंग बघा, कोणी म्हणतं खरी लायब्ररी जुन्या शहरात आहे, कोणी म्हणतं फक्त रिसर्चवाल्यांनाच आत सोडतात. मला चिनी वाचता येत नाही, बोलता तर त्याहून येत नाही. तर पासपोर्टवर आत जाता येतं का, जुन्या पोथ्या साध्या माणसाला बघायला मिळतात का, मुलीला घेऊन गेलं तर चालेल का, आणि माओ ज्या लायब्ररीत नोकरीला होता ती हीच का? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे एक अक्षर वाचता येत नसताना जाण्यात अर्थ आहे का? कुणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर लिहा प्लीज, बिल्डिंग छान आहे एवढंच नको.

हायद्यानवाला

ताई, मी शिकायला होतो बीजिंगला, हायद्यान भागातच, त्यामुळे ही लायब्ररी म्हणजे माझं रोजचं ठिकाण होतं. आत जाता येतं, बिनधास्त जा. रिसर्चवाल्यांनाच सोडतात हे दुर्मिळ पोथ्यांच्या खोल्यांबद्दल खरं आहे, बाकी लायब्ररी सगळ्यांसाठी उघडी आहे. पासपोर्ट ओरिजिनल घेऊन जा, झेरॉक्स नको, त्यावर वाचकाचं कार्ड निघतं. वाचायला बसायचे पैसे लागत नाहीत. २००८ मध्ये त्यांनी बरीचशी फी काढून टाकली आणि आता तर देशाचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाच आहे, १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेला, त्यात मूलभूत सेवा फुकट द्यायच्या आणि शनिवार-रविवारी सुद्धा उघडं ठेवायचं असं लिहिलंय.

जायला सोपं आहे, मेट्रोच्या स्टेशनचं नावच नॅशनल लायब्ररी आहे, ४, ९ आणि १६ नंबरच्या लाइन तिथे येतात. बाहेर पडलात की दोन वेगवेगळ्या काळातल्या बिल्डिंगा दिसतील. दक्षिणेची जुनी, १९८७ ची, मोरपंखी निळ्या कौलांची, मधोमध पुस्तकं साठवायचा उंच टॉवर. उत्तरेची २००८ ची, जर्मन आर्किटेक्टची, काच आणि स्टीलची. सिक्युरिटी चेक होतो, मोठी बॅग लॉकरमध्ये ठेवावी लागते, पाण्याची बाटली आणि वही-पेन घेऊन आत. चिनी लोक थर्मास घेऊन येतात आणि गरम पाण्याच्या मशीनवर भरून घेतात, तुम्हीही न्या, थंड पाणी शोधत बसाल नाहीतर.

उत्तरेच्या बिल्डिंगमध्ये आत शिरल्यावर पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही वर असता आणि वाचनकक्ष खाली. एक प्रचंड चौकोनी पोकळी आहे, तिच्या कडेकडेने मजले आणि प्रत्येक मजल्यावर टेबलांच्या रांगा, सगळ्यात खाली तळाशी परत टेबलं, वरून छतातून उजेड येतो. कठड्याला उभं राहून खाली बघितलं की शेकडो माणसं माना खाली घालून वाचत बसलेली दिसतात आणि आवाज फक्त पानांचा आणि खुर्च्यांचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कार्ड काढून झालं तरी बराच वेळ नुसता उभाच होतो. टेबलांवर बहुतेक परीक्षावाले असतात, पदव्युत्तर प्रवेशाची देशभरातली परीक्षा डिसेंबरात होते त्यामुळे त्याआधीचे महिने सकाळी उघडायच्या आधीपासून बाहेर रांग असते. त्यांच्याच शेजारी रिटायर झालेले आजोबा भिंग घेऊन पेपर वाचत असतात, आणि जेवणानंतर अर्धा हॉल टेबलावर हात ठेवून त्यावर डोकं टेकून झोपतो, कोणी उठवत नाही.

वाचता येत नाही म्हणून थांबू नका. शंभराच्या वर भाषांतली पुस्तकं आहेत तिथे, इंग्रजी तर भरपूर. आणि एखादं चिनी चित्रांचं पुस्तक उचला, टेबलावर बसा, तासभर बसा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. नुसतं फोटो काढून अर्ध्या तासात निघालात तर काहीच पाहिलं नाही असं होईल.

तळटीप

हायद्यानवाल्यांनी वाचनकक्षाचं छान लिहिलंय, पण मी जरा वेगळं सांगते, आधी वेनजिन स्ट्रीटवरच्या याच लायब्ररीच्या जुन्या इमारतीत जा आणि मग नवीन बिल्डिंगला. बेइहाय पार्कला लागूनच आहे, पश्चिमेला. ही १९३१ ची इमारत, बाहेरून हिरव्या कौलांचा राजवाडा वाटतो पण आतून सिमेंट-काँक्रीट, आर्किटेक्ट लेथ-मोलर नावाचा डॅनिश माणूस. आज ती जुन्या पोथ्यांची शाखा आहे. आतल्या खोल्यांमध्ये काय बघू देतात ते जाण्याआधी त्यांच्या साइटवर तपासा, पण अंगण आणि बाहेरचं सगळं बघण्यासाठीसुद्धा जावं इतकं सुंदर आहे.

अंगणात दोन उंच कोरीव दगडी खांब आहेत, हुआब्याव म्हणतात त्यांना. ते युआनमिंगयुआन म्हणजे जुन्या उन्हाळी राजवाड्यातले, जो १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने जाळला. तिथून खांब हलवले तेव्हा काही यनजिंग युनिव्हर्सिटीच्या आवारात गेले (आता ते पीकिंग युनिव्हर्सिटीचं आवार आहे) आणि काही इथे आले, आणि त्यात जोड्या बदलल्या. आजही नीट बघितलं तर इथल्या दोन खांबांत एक जाड आणि एक बारीक आहे, युनिव्हर्सिटीतही तसंच. मुलीला शोधायला सांगा, मुलांना असलं फार आवडतं.

ही बिल्डिंग उभी राहण्यामागचा पैसाही बघा कुठून आला. बॉक्सर बंडानंतर (१९०० मधला परदेशी लोकांविरुद्धचा उठाव) परदेशी सत्तांनी चीनकडून जबरी नुकसानभरपाई घेतली होती, अमेरिकेने तिच्यातला उरलेला भाग १९२४ मध्ये सोडून दिला, आणि त्या पैशांसाठी जी संस्था निघाली तिने १९२६ मध्ये बीजिंगमध्ये एक नवी लायब्ररी काढली. लियांग छिचाव, छिंग (चीनची शेवटची राजवट) काळातले मोठे सुधारक, तिचे पहिले संचालक. ती आणि सरकारी जुनी लायब्ररी १९२९ मध्ये एक झाल्या आणि दोन वर्षांनी ही इमारत उघडली, साय युआनपेइ संचालक आणि युआन थोंगली उपसंचालक. लियांग १९२९ च्याच जानेवारीत गेले, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे घरच्यांनी त्यांचा स्वतःचा ४० हजारांच्या वर पुस्तकांचा संग्रह याच लायब्ररीच्या हवाली केला.

आणि माओचं म्हणाल तर नाही, ती ही नाही. तो १९१८-१९ मध्ये पीकिंग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मदतनीस होता, ली दाजावच्या हाताखाली, महिना ८ युआन पगारावर. हे दोन्ही फार लोक एकच समजतात. या लायब्ररीशी ज्याचं खरंच नातं आहे तो लेखक म्हणजे लू शुन. तो १९१२ पासून शिक्षण मंत्रालयात होता आणि त्याच्या विभागाकडे लायब्ररी आणि म्युझियमचं काम होतं.

जुनी पानं

कागदवेडी, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून मोठं लिहितोय, कारण तुम्ही बिल्डिंग नाही तर कागद बघायला निघालाय आणि या लायब्ररीचं सगळं मोठेपण कागदातच आहे. वर दोघांनी इमारती सांगितल्या त्या बघाच, पण माझं म्हणणं असं की तिथे जाण्याआधी चार संग्रहांची गोष्ट माहीत करून घ्या. ते स्वतः त्यांना लायब्ररीची चार रत्नं म्हणतात, आणि चारही तिथे पोचले ते मरता मरता वाचून. हे माहीत असेल तर काचेमागे ठेवलेली पिवळट गुंडाळी बघताना पाय हलत नाहीत.

आधी थोडकी सुरुवात. १९०९ मध्ये छिंग दरबारातले झांग झिदोंग यांनी अर्ज केला आणि ९ सप्टेंबरला राजधानीच्या लायब्ररीला मंजुरी मिळाली. राजवट तेव्हा शेवटच्या घटका मोजत होती. पुस्तकं ठेवायला जागा नव्हती म्हणून शिछाहाय तळ्याजवळच्या ग्वांगहुआ मंदिरात ठेवली, आणि लोकांसाठी दार उघडलं ऑगस्ट १९१२ मध्ये, तोपर्यंत राजा जाऊन प्रजासत्ताक आलेलं. मंदिर लांब आणि ओलसर, पुस्तकांसाठी अगदी वाईट, वर्षभरात बंद करावं लागलं आणि पुढे कितीतरी वर्षं ही लायब्ररी इकडून तिकडे हलत राहिली.

तर पहिलं म्हणजे दुनहुआंग. १९०० मध्ये वांग युआनलू नावाच्या ताओ साधूला मोगाओ गुंफांमध्ये बुजवून टाकलेली एक छोटी खोली सापडली, छतापर्यंत गुंडाळ्यांनी भरलेली. १९०७ मध्ये ब्रिटिशांसाठी काम करणारा संशोधक स्टाइन आला आणि गाड्या भरून घेऊन गेला, १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पेलिओ आला, त्याला चिनी उत्तम वाचता यायचं त्यामुळे त्याने निवडून निवडून उत्तम ते नेलं. दुसऱ्या वर्षी त्याने बीजिंगमध्ये काही नमुने विद्वानांना दाखवले तेव्हा कुठे राजधानीत खळबळ उडाली आणि मंत्रालयाने उरलेलं सगळं मागवून घेतलं. १९१० मध्ये ते बीजिंगला पोचलं, पण वाटेत गळती झाली आणि पोचल्यावर काही अधिकाऱ्यांनीच चांगल्या चांगल्या गुंडाळ्या काढून घेतल्या, आणि आकडा जुळावा म्हणून उरलेल्यांमधल्या काही फाडून एकाच्या दोन-तीन केल्या. मला स्टाइन-पेलिओपेक्षा याचा राग जास्त येतो, कारण ही माणसं शिकलेली होती आणि हातात काय आहे ते त्यांना पक्कं कळत होतं. लायब्ररीला मिळाल्या त्या ८ हजारांच्या वर, पुढे भर पडत आज १६ हजारांच्या आसपास आहेत. बहुतेक बौद्ध सूत्रं, म्हणजे आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरं, त्यामुळे अक्षर वाचता आलं नाही तरी मजकूर तुम्हाला अगदीच परका नाही.

दुसरं झाओचेंगचं त्रिपिटक, आणि माझं सगळ्यात लाडकं. जिन राजवटीत, बाराव्या शतकात, लाकडी ठशांवरून छापलेला सगळा बौद्ध धर्मग्रंथ, जवळजवळ ७ हजार गुंडाळ्या. त्यासाठी वर्गणी गोळा करण्यात त्सुइ फाझेन नावाच्या बाईचा पुढाकार होता, तिने स्वतःचा हात तोडून नवस केला अशी कथा सांगतात. शान्शी प्रांतातल्या ग्वांगशेंग मंदिरात हा संच शेकडो वर्षं पडून होता, १९३३ मध्ये एका भिक्षूला सापडला आणि जगाला कळलं. मग जपानी आले. १९४२ मध्ये जपानी हा संच उचलणार अशी कुणकुण लागली तेव्हा मंदिरातल्या भिक्षूंनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेला कळवलं आणि सैनिकांनी गुंडाळ्या पॅगोडातून काढून डोंगरात नेल्या. पुढे लढाईच्या गडबडीत त्या बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत लपवल्या, तिथे पाणी झिरपलं, बुरशी आली, कागद चिकटला. १९४९ मध्ये बीजिंगला पोचल्या तेव्हा ४,३०० च्या वर गुंडाळ्या शिल्लक होत्या पण त्यातल्या पुष्कळशा जळक्या लाकडासारख्या कडक झालेल्या, उघडतच नव्हत्या. लायब्ररीच्या दुरुस्ती विभागातले मुरलेले कारागीर बसले, वाफ देऊन थर सैल करायचे, एकेक थर उलगडायचा, मागे नवा कागद चिकटवायचा, आणि हे काम १९६५ पर्यंत चाललं. म्हणजे सोळा-सतरा वर्षं एकाच कामावर. तुम्ही कागदवाल्या आहात म्हणून सांगतो, ती दुरुस्ती बघायला मिळाली तर कडा बघा, मूळ कागद कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते त्यांनी लपवलेलं नाही.

तिसरा योंगल दादियान. मिंग सम्राट योंगल याने १४०३ मध्ये काम सुरू करून १४०८ मध्ये पुरा केलेला ज्ञानकोश, ११,०९५ खंड, सगळं हाताने लिहिलेलं. मूळ प्रत कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही, एक पान सापडत नाही. १५६२ ते १५६७ मध्ये केलेली नक्कल होती, तीही हळूहळू चोरीला गेली आणि जून १९०० मध्ये बॉक्सर बंडाच्या वेढ्यात हानलिन अकादमी (दरबारी विद्वानांची संस्था, जिथे हे खंड होते) जळाली तेव्हा बरेच खंड संपले आणि काही लोकांनी उचलून नेले. आज जगभरात मिळून ४०० च्या आसपास खंड आहेत. १९१२ मध्ये या लायब्ररीच्या हाती फक्त ६० आले होते. मग विकत घेत, दान मिळत, आणि १९५० च्या दशकात सोव्हिएत युनियनने ६४ आणि पूर्व जर्मनीने ३ परत दिल्यावर, संग्रह २०० च्या पुढे गेला. खंड आकाराने मोठे, पिवळं रेशमी कव्हर, आतल्या ओळी लाल शाईने आखलेल्या, अक्षर इतकं सारखं की हाताचं आहे हे पटत नाही.

चौथा सिकू छुआनशूचा संच, त्याबद्दल तळटीप ताईंनी लिहावं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

तळटीप

लिहिते. १७७३ पासून सम्राट छ्यानलोंगने सगळ्या राज्यातली पुस्तकं मागवून, निवडून, नकलून एक महासंग्रह करून घेतला. सात प्रती केल्या, सात ठिकाणी ठेवल्या. युआनमिंगयुआनातली १८६० च्या आगीत गेली, दक्षिणेतल्या दोन ताइपिंग बंडात (एकोणिसाव्या शतकातलं छिंग राजवटीविरुद्धचं मोठं यादवी युद्ध) गेल्या, हांगझोउची अर्धीअधिक गेली आणि नंतर परत नकलून पुरी केली. राजवाड्यातली आता तैपेईमध्ये आहे, शेनयांगची लान्झोउला. आणि छंगदच्या उन्हाळी राजवाड्यातल्या वेनजिन नावाच्या ग्रंथालयातली प्रत १९१५ मध्ये या लायब्ररीकडे आली, यात लू शुनचाही हात होता. रस्त्याला वेनजिन स्ट्रीट नाव पडलं ते याच संचावरून.

याची खासियत म्हणजे ३६ हजारांच्या वर खंड, ६,१४४ लाकडी पेट्या आणि १२८ कपाटं, तिन्ही मूळची आणि अजून एकत्र. बाकीच्या प्रतींचं असं राहिलेलं नाही. रेशमी कव्हरं विषयाप्रमाणे रंगीत, अभिजात ग्रंथ हिरवे, इतिहास लाल, तत्त्वज्ञान वगैरे निळे, साहित्य करडं. हे सगळं आता उत्तरेच्या नव्या बिल्डिंगमध्ये तळाशी काचेआड ठेवलंय, वाचक वरच्या मजल्यांवर बसतात आणि खाली पायाशी हा संग्रह, आर्किटेक्टने मुद्दामच तसं केलंय. तर हायद्यानवाल्यांच्या त्या कठड्यावरून खाली बघाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा संग्रह करताना जी पुस्तकं मागवली त्यातली मांचू म्हणजेच छिंग राजवटीला खुपणारी हजारो पुस्तकं जाळली किंवा बंदी घातली, आणि जी घेतली त्यातलाही मजकूर ठिकठिकाणी बदलला. छ्यानलोंग हा मोठा ग्रंथप्रेमी होता असं प्रदर्शनात वाचायला मिळतं. त्याने इतकं जपलं हे खरंच आहे, आणि इतकं नष्टही केलं. मला तो संच बघताना दोन्ही एकदम आठवतं आणि आठवायलाच हवं असं मला वाटतं.

कागदवेडी

बाप रे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. झाओचेंगचं वाचून तर रात्रभर तेच डोक्यात होतं. आता तीन शंका. एक, योंगलचे काही खंड तैपेईला आहेत असं कुठेतरी वाचलं, ते याच लायब्ररीचे का, आणि तिकडे कसे गेले? दोन, हे सगळं ओरिजिनल दिसतं का नुसत्या नकला मांडलेल्या असतात? तीन, मुलीचं कुणी नीट सांगितलं नाही.

जुनी पानं

पहिल्याचं मी सांगतो. हो, याच लायब्ररीचे, ६२ खंड. १९३३ पासूनच उत्तर चीनवर जपानचं सावट होतं म्हणून दुर्मिळ पुस्तकं पेट्यांमध्ये भरून दक्षिणेला हलवली, त्यातली पुष्कळशी शांघायला परदेशी वसाहतींत ठेवली. पुढे तिथेही धोका दिसायला लागला. तेव्हा युआन थोंगली यांनी अमेरिकेशी बोलणी करून निवडक पुस्तकं लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे सांभाळायला पाठवायचं ठरवलं. पण पाठवायची कशी, कस्टमवर जपान्यांची नजर. शांघायच्या ऑफिसचं काम छ्यान त्सुनशुन नावाचा तिशीतला माणूस बघत होता, त्याने ओळखीतून कस्टममधला एक माणूस गाठला, १०० च्या वर पेट्या छोट्या छोट्या खेपांत बोटीवर चढवल्या, आणि कागदोपत्री दाखवलं काय तर अमेरिकन लायब्ररीने विकत घेतलेली नवीन पुस्तकं. हे सगळं १९४१ मध्ये, पर्ल हार्बरच्या आधी. पकडला गेला असता तर जीव गेला असता त्याचा. पुढे तो शिकागोला गेला आणि चिनी पुस्तकांच्या, कागदाच्या, छपाईच्या इतिहासातला जगातला सगळ्यात मोठा अभ्यासक झाला, पण माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम त्या पेट्याच.

अमेरिकेत सगळ्याची मायक्रोफिल्म झाली, आणि १९६५ मध्ये ती पुस्तकं तैवानला पाठवली गेली. तिथे ती आजही आहेत. बीजिंगची लायब्ररी आपल्या संग्रहात २२४ खंड मोजते त्यात तैपेईचे ६२ धरून मोजते. छ्यानच्या मनात ती बीजिंगला परत जावीत असं शेवटपर्यंत होतं.

हायद्यानवाला

दोन आणि तीनचं मी देतो. दक्षिणेच्या बिल्डिंगमध्ये २०१४ पासून प्राचीन ग्रंथांचं म्युझियम आहे, नॅशनल म्युझियम ऑफ क्लासिक बुक्स. कागद नाजूक म्हणून मूळ वस्तू फिरत्या असतात, आज ही उद्या ती, आणि काही ठिकाणी उत्तम नक्कल ठेवलेली असते, पाटीवर तसं लिहिलेलं असतं. तेव्हा अमुक एक गुंडाळी दिसेलच असं धरून जाऊ नका, पण तुम्ही जाल तेव्हा जे मांडलेलं असेल त्यात तुमचं पोट भरेल. लायब्ररीकडे ३५,६५१ तर नुसती कोरलेली हाडं आणि कासवाच्या पाठी-पोटाचे तुकडे आहेत, तीन हजार वर्षांपूर्वी भविष्य विचारायला वापरलेले, ते बघायला मिळाले तर अजिबात सोडू नका. कोरीव अक्षर वाचता न येणं हे तिथे आलेल्या चिनी लोकांचंही असतं, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

आणि हो, काचेमागे पाच मिनिटं दिसणाऱ्या पोथीवर समाधान मानायची गरज नाही. २०१६ पासून त्यांनी जुन्या ग्रंथांचा मोठा साठा नेटवर खुला केलाय, रजिस्ट्रेशन न करता पानं चाळता येतात. दुनहुआंगच्या गुंडाळ्या आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्पाच्या साइटवर लंडन-पॅरिसच्या तुकड्यांसोबत बघता येतात. जाण्याआधी चार-पाच बघून ठेवा, समोर आली की ओळख पटेल.

मुलीचं असं की मोठ्यांच्या वाचनकक्षांना वयाची अट आहे, पाचवीतल्या मुलीला तिथे सोडणार नाहीत. पण त्याच आवारात मुलांची वेगळी लायब्ररी आहे, २०१० मध्ये बालदिनाच्या वेळी उघडली, तिथे न्या. म्युझियममध्ये ती तुमच्याबरोबर येऊ शकते. आणि कंटाळली तर शेजारीच झिझुयुआन पार्क आहे, बांबूचं बन, तळं, होड्या, तिकीट नाही. एक दिवस दोघींनी मिळून म्युझियम, मुलांची लायब्ररी आणि पार्क असा करा. वाचनकक्षात बसायला मात्र नवऱ्याला एखाद्या दुपारी सुट्टी काढायला लावून एकट्याच जा.

तळटीप

सोमवार टाळा, आणि म्युझियमचं बुकिंग आधी करा, पासपोर्ट नंबर टाकून. सगळं मोबाइलवर आणि चिनीत असतं, म्हणून हॉटेलच्या काउंटरवर पत्ता आणि नाव चिनी अक्षरांत लिहून घ्या आणि बुकिंगही त्यांच्याकडूनच करून घ्या, ते करून देतात. वेनजिन स्ट्रीटला सकाळी जा, तिथून बेइहाय पार्क चालत, दुपारनंतर मेट्रोने उत्तरेची बिल्डिंग. मुलगी बरोबर असेल तर पार्कमध्ये तासभर जास्तच धरा.

कागदवेडी

नवऱ्याशी बोलले, गुरुवारी दुपारी तो मुलीला सांभाळणार आहे. मी नेटवर झाओचेंगची पानं शोधतेय. जुनी पानं, एखाद्या चांगल्या दुरुस्त केलेल्या गुंडाळीचा नंबर माहीत असेल तर टाका ना इथे.

जुनी पानं

नंबर तोंडपाठ नाहीत, आज रात्री बसून काढतो आणि उद्या टाकतो. तोपर्यंत गुंडाळीच्या सुरुवातीचं चित्र बघून ठेवा, बुद्ध बसून उपदेश करतोय असं, बऱ्याच गुंडाळ्यांना ते आहे. आणि त्या चित्राच्या बाजूला मंदिराच्या नावाची एक उभी ओळ छापलेली दिसेल, ती मागाहून घातलेली आहे. तिच्यावरून हा संच ग्वांगशेंग मंदिरातलाच हे ओळखू येतं.